विषय: चेंबरच्या नटाचे आटे गेले (गाडी बाबांची, मी गुहागरात)

मंडळी नमस्कार,
वर्गणीच्या धाग्यात घुसवत नाही, वेगळी मेल टाकतोय. मी जानेवारीपर्यंत गुहागरला घरी आहे. बाबांची जुनी छोटी गाडी, म्हटलं ऑइल आपणच बदलू, अंगणात चार चिरे रचून पुढची चाकं वर घेतली आणि खाली शिरलो. चेंबरचा (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या डब्याचा) नट सुटताना सुरुवातीपासून जड, मग एकदम हलका झाला आणि बाहेर आला तो त्याच्यावर चांदीसारखी तार गुंडाळलेली, म्हणजे चेंबरचे आटेच सोबत घेऊन आला! परत लावला तर नुसता गोल फिरतोय. थेंब थेंब गळती आहे, खाली आईचं जुनं ताट ठेवलंय (आईला माहीत नाही).

गॅरेजवाला म्हणतो टेफलॉन गुंडाळून बसव, वरून एम-सील थाप. दुसरा म्हणतो मोठा बोल्ट ठोकू, स्वतःचे आटे स्वतः पाडत जातो. आईला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरणार, तिथे रॅम्पवर गाडीचं नाक आधीच घासतं. काय करू?

----

अरे,
मी इंजिन प्लांटात आयुष्य काढलं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी झालं काय ते. चेंबर ॲल्युमिनियमचं, नट पोलादी, त्यामुळे आटे जाणार ते मऊ बाजूचेच. आणि हे तुझ्या हातून झालेलं नाही, आधीच्या कोणीतरी पान्याला पाइप लावून आवळलंय. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर पुरतं, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला फार तर २० किलोचा जोर. त्यालाच पाइप लावून ६० सेंटीमीटर केलं की तोच जोर तिप्पट होतो, आवळणाऱ्याला मात्र वाटतं आपण नेहमीसारखंच आवळलं. गळती थांबवायचं काम वायसरचं असतं, तो चेपून जागेवर बसतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा. जुना ठेवला की झिरपतं, झिरपलं की माणूस अजून आवळतो, अशी ही साखळी.

टेफलॉनचे तुकडे आत गेले तर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतील. एम-सील तेलकट जागेवर धरत नाही, आणि धरलं तर पुढच्या वेळी नट खोलायचा कसा? स्वतः आटे पाडणारा बोल्ट बहुतेक वाकडा जातो आणि उरलंसुरलं ॲल्युमिनियमही खातो. अगदी रस्त्यात अडकलास तर घाल, घरी बसून नको.

नीट करायचं तर भोक मोठं करून बुश (आतून-बाहेरून आटे असलेली छोटी नळी) बसवायचा. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) ही शेवटी स्प्रिंगच, तारेच्या मागून तेल झिरपू शकतं, तिथे पातळ सीलंट लागतंच. त्यापेक्षा भरीव बुश बरा. चेंबर गाडीवर ठेवूनच टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारणार असशील तर टॅपच्या खोबणीत ग्रीस भर, चुरा त्याला चिकटून बाहेर येतो, आणि नंतर अर्धा लिटर स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू दे. पण माझं ऐकशील तर चेंबर खाली उतरव.
– काका

----

काका बोलले त्यात काढायला काही नाही, पण एक विचारतो, चिऱ्यांवर गाडी चढवून खाली शिरलास??? अरे, जांभा तो! बांधकामात दाब सगळीकडे सारखा पडतो म्हणून टिकतो, चाकाखाली एका बाजूला भार आला की फुटतो, आणि पाऊस प्यायलेला असेल तर बघायलाच नको. भाड्याने स्टँड आण, नाही तर सरळ गॅरेजच्या खड्ड्यावर ने.

मी हिवाळाभर हर्णैला असतो. इथे लाँचवर इंजिनाखाली हात जायला जागा नसते, म्हणून खालचा नट खोलायच्या भानगडीत कोणी पडत नाही, इंजिन गरम करून वरूनच हातपंपाने ऑइल ओढतात. तूही एकदा आटे दुरुस्त कर आणि पुढे डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतूनच ओढ.
– हर्णैकर

----

हर्णैकर, तळाशी गाळ राहतो ना पण. दर वेळी नाही तरी दोन-तीन सर्व्हिसिंगला एकदा खालून काढावंच.
– काका

----

लाँचच्या इंजिनात काय गाळ नसतो? वीस वर्षं बघतोय.
– हर्णैकर

----

मंडळी, काम झालं.
फुटलेला एक चिरा बघितला (होय, फुटला होता) आणि गाडी ढकलत खड्ड्यावर नेली. सायलेन्सरचा पाइप आड येत नव्हता म्हणून चेंबर तासाभरात उतरलं, बोल्ट सगळे सुटले तरी सीलंटने असं धरलेलं की लाकडाचा ठोकळा लावून ठोकावं लागलं. मग रॉकेलने धुऊन, गोणपाटात गुंडाळून एसटीने चिपळूण, तिथून खेर्डी एमआयडीसी. कंडक्टर म्हणाला, काय, फणस का?

लेथवाल्याने बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, 'आतून घालू की बाहेरून?' मला कळेना. त्याने पोलादी बुश बनवला, एका टोकाला कॉलर, आणि तो चेंबरच्या आतल्या बाजूने फिरवून बसवला, बाहेरच्या आट्यांना लॉकिंग लिक्विड. म्हणजे आता नट जितका आवळू तितकी कॉलर चेंबरला आतून धरणार, बुश उपटून येणारच नाही. तोटा एवढाच की कॉलरच्या जाडीएवढं, दोनेक मिलिमीटर, ऑइल तळाशी राहणार, म्हणजे हर्णैकर आणि काका दोघंही अर्धे बरोबर.

जुनं सीलंट खरवडण्यात अख्खी दुपार गेली. नवं लावून एक दिवस तसंच ठेवलं, मग ऑइल भरलं. रात्री खाली वर्तमानपत्र पसरलं, सकाळी कोरडं. आईचं ताट राखेने घासून जागेवर ठेवलं, तिने वास घेतला आणि काही बोलली नाही. परवा जयगडला जाऊन आलो.

काका, वायसर तांब्याचा घेतलाय, लेथवाला म्हणाला तापवून घाल. खरंच?

----

खरंच. लाल होईपर्यंत तापव, मग पाण्यात टाकलास तरी चालेल. पोलाद त्याने कडक होतं, तांबं मऊ राहतं. आणि पान्याला लावायचा तो पाइप कुठे असेल तर गॅरेजमधून उचलून आण.
– काका