ब्रेकचं काम करून आणलं आणि पेडल लिबलिबीत! तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बदलून घेतले, गाडी ताब्यात घेतली आणि पहिल्याच वळणावर पाय उशीत रुतल्यासारखा झाला. दोनदा ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) करून घेतलं, फरक शून्य. शेवटी चाक काढून नीट बघितलं तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे, त्यामुळे ब्लीडिंगचं निपल खालच्या बाजूला. हवा वर अडकलेली आणि निपलमधून स्वच्छ ऑइल येतंय, बुडबुडे नाहीत म्हणून सगळे खूश! अदलाबदल केली आणि एका ब्लीडिंगमध्ये पेडल टाईट. तुमचं काय झालं होतं, लिहा.

—

माझ्याकडे हवा नव्हतीच. मागच्या ड्रमला नवीन शू टाकले पण अ‍ॅडजस्टर सेट केला नाही, म्हणजे शू ड्रमपासून लांबच राहिले. दोनतीनदा पंप केलं की पेडल वर यायचं म्हणून सगळे हवा हवा करत बसले. हवा असली तरी पंप केल्यावर वर येतंच की, पण ते शेवटपर्यंत दबत राहतं, माझं मात्र बरंच खाली जाऊन मग दगडासारखं लागायचं. हा फरक मला कुणी आधी सांगितला असता तर एक बाटली ऑइल वाचलं असतं.

—

१२ वर्षं जुनी गाडी, ब्लीडिंग करताना भाऊ पेडल पार तळापर्यंत दाबत होता. एरवी सील जिथपर्यंत कधी जात नाही तिथे मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) आतून खरबरीत झालेला असतो, तिथे घासून त्याचं सील गेलं. बाहेर एक थेंब गळती नाही, पण सिग्नलला पाय ठेवून थांबलं की पेडल हळूहळू खाली. आता पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्याशिवाय ब्लीडिंग करू देत नाही.

—

एबीएसवाल्यांनो (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), टाकीतलं ब्रेक ऑइल पूर्ण संपू देऊ नका. माझ्या युनिटमध्ये हवा शिरली, ती स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह चालवल्यावरच निघाली.

—

"नवीन पॅड आहेत, सेट होतील" हे मलाही ऐकवलं. जुन्या डिस्कवर पॅड बसायला थोडा वेळ लागतो हे खरंय, पण पेडल तळाला टेकत असेल तर ते सेट व्हायची वाट बघत गाडी चालवायची नसते हो.

—

आमचं पेडल फक्त लांब उतारावर मऊ पडायचं, गार झालं की परत ठीक. कामाच्या वेळी वर्षभर उघडी पडलेली डॉट ४ ची अर्धी बाटली ओतली होती. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि उकळलं की लाइनमध्ये वाफ.

—

सगळं बदलून झाल्यावर माझा दोष रबरी होजमध्ये (चाकाकडे जाणारी ब्रेक ऑइलची नळी) निघाला. इंजिन बंद, एकाने पेडल दाबलं, मी होजवर हात ठेवला, चक्क फुगत होता.

—

होजला मी कधी हात लावून बघितलंच नव्हतं. आज बघतो.