वाड्यातली मंडळी : एकशे एकविसावा पराभव

(शनिवार, २८ सप्टेंबर २०२४. पुण्यात सकाळ, शिकागोत शुक्रवारची रात्र.)

नानाकाका: झालं एकदाचं. आमचा शिकागोचा बेसबॉल संघ, व्हाइट सॉक्स, डेट्रॉइटला ४–१ हरला. यंदाचा १२१ वा पराभव. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा आकडा मागे टाकला. १९०१ पासून एका मोसमात इतक्या मॅच कुणीही हरलेलं नाही. टीव्ही बंद करून बसलोय.

मंजूआत्या: सुप्रभात 🙏 आज इंदिरा एकादशी, अण्णांची तिथी. गुरुजी नऊला येतील. ज्यांना जमेल त्यांनी व्हिडिओवर या.

मंजूआत्या: दादा, तुझा मेसेज आत्ता वाचला. जेवलास का?

सुमाकाकू: नाही जेवले. तुमच्याकडे एकादशी, यांचा उपास कालपासूनच सुरू आहे.

रोहन: काका, मनापासून वाईट वाटलं.

नानाकाका: तू कब्जवाला, शिकागोच्या दुसऱ्या संघाचा. तुझं वाईट वाटणं तुमच्या रिग्ली मैदानाच्या भिंतीपलीकडे येत नाही.

रोहन: असं नका म्हणू. रेड लाइनची लोकल एकच आहे, मी ॲडिसनला उतरतो, तुम्ही पस्तिसाव्या रस्त्याला. गाडीत तुमच्या टोप्या घातलेली माणसं बघवत नाहीत यंदा.

अभिजित: नानाकाका, तिकिटं काढणं बंद करा. मालकाला फक्त रिकाम्या खुर्च्या कळतात. 🙏

बंडूकाका: जिंकले किती मग?

नानाकाका: ३९. दोन मॅच बाकी आहेत.

बंडूकाका: १६० मध्ये ३९! आपली पुणे वॉरियर्स बरी म्हणायची.

अभिजित: काका, ती २०११ ते २०१३, तीन मोसमांत आटोपली. आणि आमची मुंबई २०२२ ला पहिल्या आठच्या आठ हरली, तेव्हा आम्ही ऑफिसात तोंड लपवत होतो.

नानाकाका: आठ? आम्ही लागोपाठ २१ हरलो. १० जुलै ते ५ ऑगस्ट. त्याआधी मे-जूनमध्ये १४ वेगळ्या. २१ वरून सुटलो ते ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये, आणि दोन दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ग्रिफोलला काढला.

मंजूआत्या: म्हणजे रोज मॅच असते?

नानाकाका: जवळजवळ रोज. मार्चअखेर ते सप्टेंबर. तुला वाटतं हरला तर हरला. पण रोज संध्याकाळी कामावरून यायचं, हात-पाय धुवायचे, आणि हरताना बघायचं. सहा महिने. घरात कुणी आजारी असावं तसं होतं.

बंडूकाका: खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलत नाहीत का यांना?

नानाकाका: नाही. इथे तसलं काही नाही. उलट नवी पोरं निवडायचे वरचे नंबर लॉटरीने ठरतात, आणि खालच्या संघाला त्यात जास्त संधी असते. पण आमचं तिथेही नशीब बघ. मोठ्या शहरातल्या श्रीमंत संघाला लॉटरीतला नंबर लागोपाठ दोन वर्षं मिळत नाही, असा नियम आहे. गेल्या खेपेला पाचवा मिळाला होता. म्हणून सगळ्यात जास्त हरूनही पुढच्या वर्षी दहाव्याच्या वर निवडता येणार नाही.

अभिजित: हाच तर मुद्दा. तिकिटं काढणं बंद करा. मालकाला फक्त रिकाम्या खुर्च्या कळतात.

ईशा: बाबा, मेट्सचा विक्रम मोडला यात एवढं काय? कुणीतरी शेवटचा असणारच ना?

नानाकाका: ईशू, फरक आहे. मेट्सचा तो पहिलाच मोसम होता. इतर संघांनी नको म्हणून सोडलेले खेळाडू गोळा करून उभा केलेला संघ. तान्हं बाळ पडलं तर त्याला कुणी हसत नाही. आमचा संघ १९०१ पासूनचा. २०२१ ला ९३ मॅच जिंकून गटात पहिला आला होता. मग २०२२ ला ८१, २०२३ ला ६१, आणि यंदा हे. छप्पर एका रात्रीत पडत नाही. आधी गळतं, मग वासे कुजतात, आणि घरमालक म्हणतो, पुढच्या पावसाळ्याआधी बघू.

बंडूकाका: छपराचं तू बोलू नकोस दादा. वाड्याच्या मागच्या सोप्याची कौलं दोन पावसाळे गळताहेत. "दिवाळीनंतर बघू" हे तुझंच वाक्य.

मंजूआत्या: बंडू, आज नको.

बंडूकाका: मी फक्त आठवण करून दिली. मॅचच्या तिकिटांना पैसे असतात, एवढंच म्हणतोय.

सुमाकाकू: बंडूभाऊजी, यंदा वीस डॉलरच्या आतल्या वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांवर बसलेत ते. तुम्हाला हिशेब हवा असेल तर पाठवते.

बंडूकाका: वहिनी, राग मानू नका. इथे बादल्या मी लावतो, म्हणून बोललो.

अभिजित: मी पुन्हा सांगतो, तिकिटं काढणं बंद करा.

रोहन: अभिजितदादा, वाड्याची का मॅचची?

नानाकाका: कौलांचं मी बघतो म्हणालोय. आता माझं पुरं ऐका.

नानाकाका: सगळे पोरांना शिव्या देताहेत. तो क्रोशे बघा. गॅरेट क्रोशे. कोपराचं ऑपरेशन झालेला पोरगा, यंदा पहिल्यांदा पूर्ण मोसम सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून उभा राहिला, ऑल-स्टारच्या निवडक संघात गेला, २०० च्या वर फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. त्याची काय चूक? आमचा दुसरा पिचर डिलन सीस, त्याला मार्चमध्ये सॅन डिएगोला देऊन टाकला. त्याने २५ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही फटका मारून बेस गाठू दिला नाही. त्या दिवशी आम्ही २१ च्या माळेच्या मधोमध होतो. ती मॅच मी लाइव्ह बघितली. आमचाच पोरगा, दुसऱ्याच्या कपड्यात.

रोहन: हे मात्र खरंच लागतं काका.

नानाकाका: जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. २००५ चं विजेतेपद त्यांच्याच काळातलं, ते मी नाकारत नाही. पण संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा करार किती डॉलरचा? बेनिन्टेंडीला पाच वर्षांचे ७५ मिलियन. रोहन, तुमच्या कब्जनी हेवर्डला किती दिले होते?

रोहन: १८४. आणि पुढच्याच वर्षी, २०१६ ला, विजेतेपद जिंकलो. 😌

नानाकाका: कळलं. आमच्याकडे खेळाडूंवर हात आखडता, आणि शिकागोच्या साउथ लूप भागात नवं स्टेडियम हवं, त्याला सरकारी पैसा. आत्ताचं १९९१ चं स्टेडियमही लोकांच्याच पैशातून झालंय. परवा मंगळवारी एंजल्सविरुद्ध गेलो होतो. १२१ वा पराभव तिथेच होणार म्हणून बरेच लोक मुद्दाम आले होते. पोरांनी ३–२ जिंकून दाखवलं, पुढच्या दोन मॅचही जिंकल्या. स्टँडमधून "टीम विका, टीम विका" चालू होतं. मी ओरडलो नाही, पण मनात तेच.

अभिजित: विका म्हणून ओरडायला तिकीट काढूनच आत जावं लागतं ना काका? म्हणूनच म्हणतो...

सुमाकाकू: अभिजित, तुमचं म्हणणं पोचलं हो.

ईशा: बाबा, मेमधली ती गोष्ट सांग ना. वॉनची. अजून मला नीट कळली नाहीये.

नानाकाका: २३ मे, ओरिओल्सविरुद्ध. मी होतो. हातात एलोटे. म्हणजे मक्याचे दाणे कपात घेऊन वर लोणी, चीज, लिंबू, तिखट. मंजू, आपल्या सारसबागेच्या कणसाची आठवण येते अगदी. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, आम्ही मागून वर येत होतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमचे धावपटू, एकच बाद. बेनिन्टेंडीने चेंडू वर उडवला, उंच, सरळ. असा चेंडू अंपायर आधीच बाद देतो, म्हणजे क्षेत्ररक्षकाने मुद्दाम सोडून दोघांना धावबाद करू नये. त्याला इनफील्ड फ्लाय म्हणतात. आमचा धावपटू वॉन दुसऱ्या बेसकडे परतत होता, त्यांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, त्याच्या जवळून झेलाकडे गेला. शॉर्टस्टॉपने झेल आरामात घेतला! तरी अंपायरने हात वर केला, वॉनने अडथळा आणला. तोही बाद. तीन बाद झाले, मॅच संपली, ८–६ ने हरलो. माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, स्कोअरकार्डात पेन्सिल टेकवलेली तशीच राहिली. काय लिहायचं हेच त्यांना कळेना.

बंडूकाका: हे अन्यायाचं झालं.

नानाकाका: नियमात बसणारं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

मंजूआत्या: गुरुजी आले. पानं वाढतेय.

रोहन: आत्या, कावळा आला नाही तर "मालक टीम विकतील" असं म्हणून बघ.

बंडूकाका: रोहन. अण्णांच्या पानावरून चेष्टा नको.

नानाकाका: बंडू, असू दे. अण्णांना चाललं असतं. २००५ ला ते आमच्याकडेच होते. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेची, शेवटची मॅच, ह्यूस्टनविरुद्ध, आठव्या इनिंगपर्यंत ०–० होती. ईशू सोफ्यावर झोपलेली. मला म्हणाले, "दोन तास एक धाव नाही आणि तरी कुणी जागचं उठत नाही, म्हणजे खेळ चांगला दिसतो." मग पेन घेऊन लिहायलाच बसले. १–० जिंकलो. १९१७ नंतर, ८८ वर्षांनी.

ईशा: आजोबांनी लिहिलं होतं? कुठे?

नानाकाका: किराण्याच्या वहीत. अजून आहे. थांब.

नानाकाका: (फोटो)

मंजूआत्या: अगं बाई. अण्णांचं अक्षर.

ईशा: वर "दूध २, ब्रेड १" आणि खाली नऊ रकाने, खेळाडूंची नावं! "डाय – धाव आणली." "शेवटचा गडी – उरिबेकडून कोनेर्कोकडे." शेवटी दोन रेघा मारल्यात.

बंडूकाका: हिशेब पुरा झाला की दोन रेघा मारायचे ते.

बंडूकाका: दादा, ही वही जपून ठेव. इकडे आणू नकोस, इथे ओल आहे.

अभिजित: फोटो छान आहे काका. पण तिकिटांचं तेवढं लक्षात ठेवा.

मंजूआत्या: पान ठेवलं होतं गच्चीवर. वीस मिनिटं कावळा फिरकला नाही. बंडू हात जोडून म्हणाला, "दादा कौलांचं नक्की करेल." लगेच शिवला.

रोहन: 😂😂

सुमाकाकू: हे हसले. आता वरण-भात गरम करते.

नानाकाका: बंडू, ठेकेदाराचं एस्टिमेट टाक. ग्रुपवर नको, मला वेगळं.

बंडूकाका: ग्रुपवरच टाकतो. सगळ्यांना दिसू दे.

मंजूआत्या: बंडू!

(सोमवार, ३० सप्टेंबर)

नानाकाका: मोसम संपला. डेट्रॉइटच्या शेवटच्या दोन्ही मॅच आपण जिंकल्या. ४१–१२१. शेवटच्या सहापैकी पाच जिंकल्या पोरांनी, सगळं संपल्यावरसुद्धा. एकूण ५०७ रन काढले, ८१३ दिले.

रोहन: काका, डेट्रॉइटचं एक सांगायचं राहिलं. २००३ ला तेच ११९ हरले होते. तीन वर्षांनी, २००६ ला, वर्ल्ड सिरीजमध्ये होते. आणि परवा तुम्हाला हरवून दहा वर्षांनी प्लेऑफला गेले.

नानाकाका: माहीत आहे. शुक्रवारी ते मैदानात नाचत होते तेव्हा तेच मनात येत होतं.

बंडूकाका: एस्टिमेट पाठवलंय. मंगलोरी कौलं, वासे बदलून. बघ.

नानाकाका: बघितलं. मजुरी जास्त लावलीय.

बंडूकाका: तू इथे येऊन घासाघीस कर मग.

ईशा: बाबा, पुढच्या एप्रिलला मी येतेय शिकागोला. पहिल्या आठवड्यात घरची मॅच असेल तर दोन तिकिटं काढ. एलोटे मी घेईन.

अभिजित: तिकिटं काढणं बंद करा. मालकाला फक्त रिकाम्या खुर्च्या कळतात. 🙏

नानाकाका: तीन काढतो. रोहन, तू पण ये. टोपी मात्र घरी ठेव.