उच्चभ्रू वस्तीतलं जुनं, ऐसपैस घर भाड्यानं घ्यावं का?

उंबरठा :
या आठवड्यात दोनपैकी एका घराला होकार कळवायचा आहे. एक शहराच्या कडेला, नव्या इमारतीत, दोन लहान खोल्या, सगळं कोरं करकरीत. दुसरं शहराच्या मधोमध, जुन्या उच्चभ्रू वस्तीत, पन्नाशी उलटलेल्या चार मजली इमारतीत. जागा पहिल्याच्या दीडपट, भाडं थोडंसंच जास्त. इमारत जुनी म्हणूनच ते आवाक्यात आलंय. घरचे सगळे पहिल्याच्या बाजूनं, मी एकटी दुसऱ्याच्या.

माझं म्हणणं असं, की जुनं मोठं घर विकत घ्यायला दहादा विचार करावा, पण भाड्यानं मिळत असेल तर सोडू नये. विकत घेतलं की इमारतीचं म्हातारपण आपल्या गळ्यात पडतं. भाड्यानं राहताना आपण तिथली जागा, उजेड, शांतता वापरतो आणि दुरुस्तीची काळजी मालकाची.

सध्याच्या घरात मधली भिंत चार इंची आहे. शेजाऱ्यांचा फोन रात्री टेबलावर थरथरला की माझाच वाजला समजून मी उठून बसते. त्या जुन्या घरात नऊ इंची विटेच्या भिंती आहेत. छत अकरा फुटांवर. मी हिशेब केला : १२ बाय १५ची खोली ९ फूट उंच असेल तर १६२० घनफूट हवा, ११ फूट असेल तर १९८०. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तेव्हा एजंटच्या हातातला कागद उडून थेट पलीकडच्या खोलीत गेला. असं घर आता कोण बांधतं? तुमचं मत सांगा.

पागोळी :
घेऊ नका. ‘काळजी मालकाची’ हे मीही म्हणत होतो, अशाच वस्तीतल्या अशाच घरात राहायला जाताना.

दुसऱ्या पावसाळ्याआधीच न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. पाऊस नव्हताच, वरच्या घरातला जुना पाइप गंजून फुटला होता. पाणी माझ्या डोक्यावर, पण फोडायची फरशी वरच्यांची. वरचे म्हणाले, गळती आमची कशावरून? माझे मालक परदेशी, त्यांना फोटो पाठवायचे, उत्तर दोन दिवसांनी. तीन महिने मी बादली लावून आंघोळ केली. शेवटी छताचा पोपडा पडला, तेव्हा दुरुस्ती झाली. खर्च मालकांनी दिला, मान्य. पण ते तीन महिने मी काढले, आणि भाडं त्या तीन महिन्यांचंही भरलं.

स्वतःचं घर असतं तर दुसऱ्या दिवशी माणूस बोलावला असता. भाड्याच्या घरात मात्र मालकांच्या उत्तराची वाट बघत बसलो.

आणि अकरा फुटी छताचं म्हणाल, तर उन्हाळ्यात एसी लावून बघा. जेवढी हवा जास्त तेवढी ती गार करायला वेळ जास्त.

दिवेलागण :
मी उंबरठा यांच्या बाजूनं. शहराच्या कडेला नव्या घरात चार वर्षं काढली. कामावर जायला दीड तास, यायला दीड तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६ तास रस्त्यात. मुलगी जागी असताना घरी पोचलो असे दिवस बोटांवर मोजता यायचे. जुन्या वस्तीत शाळा, दवाखाना, वाचनालय, मोठी झाडं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं, कारण ते उभं राहायला जी वर्षं लागतात ती आधीच गेलेली असतात. पत्त्यासाठी पैसे मोजतो असं लोक म्हणतात. मी वेळेसाठी मोजतो.

ओळंबा :
इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझी वीसेक वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते दोघेही वयाला फार महत्त्व देत आहेत. पन्नास वर्षांची नीट राखलेली इमारत मी बिनघोर सांगेन. वीस वर्षांची हयगय झालेली असेल तर तिथे पाऊल ठेवू नका म्हणेन.

काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण काँक्रीट अल्कलीयुक्त असते, नव्याचा पीएच १२च्या वर. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि तो पीएच ९च्या खाली आला की सळईचे संरक्षण संपते. त्यात ओल मिळाली की गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ तडा दिसतो, मग पोपडा सुटतो. पागोळी यांच्या छताचे हेच झाले असावे. तेव्हा बाल्कनीच्या छताखाली, जिन्याच्या खालच्या बाजूला आणि न्हाणीघराच्या वर असे तडे शोधा. गिलाव्यावर बोटांच्या पेराने ठोका, पोकळ आवाज आला तर तो सुटलेला आहे. सगळे छत जुने आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला, तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्याचे पाइप जुने, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, म्हणजे जीआयचे असतील तर ते आतून गंजून अरुंद होतात. सकाळी पहिली चावी उघडून पांढऱ्या मगात पाणी घ्या, तांबूस आले तर समजा. मग दोन नळ एकदम सोडा आणि धार किती बारीक होते ते पाहा.

सगळ्यात आधी मात्र वायरिंग. जुनी घरे दिवे आणि पंखे धरून वायरलेली असत. दोन किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. तोच एसीच्या जोडीला चालला की जुनी वायर तापते. आणि फ्यूज किंवा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच लागतो. मेन बोर्डावर ‘टेस्ट’चे बटण शोधा, ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे.

इमारत भिंतींवर तोललेली असेल तर खालच्या मजल्यावर कोणी दिवाणखाना मोठा करायला भिंत पाडली आहे का, तेही विचारा. तुमच्या नऊ इंची भिंतींचे कौतुक त्यावर अवलंबून आहे.

पागोळी :
ओळंबा, तुमचं सगळं पटलं. पण एक गोष्ट ठोकून कळत नाही. जिथं जमीन महाग आणि इमारत जुनी, तिथं मालकाच्या दारात खरेदीदार येतच राहतात. माझं त्या घरातलं बिऱ्हाड शेवटी गळतीनं नाही हललं, इमारत पाडायचं ठरलं म्हणून हललं. दोन महिन्यांची मुदत, मुलांच्या परीक्षा तोंडावर. त्या वस्तीत दुसरं घर परवडणारं नव्हतं, म्हणजे शाळा बदलणं आलंच. दिवेलागण म्हणतात त्या सगळ्या सोयी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच त्या सुटताना जास्त लागतं.

दिवेलागण :
हे नव्या इमारतीतल्या भाडेकरूच्याही वाट्याला येतं. माझ्या मालकांनी ते नवं घर विकलंच की.

पागोळी :
येतं. पण तिथं निदान त्याच भागात तसंच दुसरं घर मिळतं.

उंबरठा :
काल पुन्हा गेले होते, सकाळी सात वाजता, पांढरा मग घेऊन. पाणी स्वच्छ आलं. पाइप बदललेत असं खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. भिंत कोणी पाडलेली नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. न्हाणीघराच्या छतावर ठोकलं, आवाज भरीव होता. मेन बोर्डावर मात्र ‘टेस्ट’चं बटण सापडलं नाही, जुने चिनी मातीचे फ्यूज आहेत.

पागोळी, तुमचं शेवटचं लिहिलेलं वाचून रात्री झोप लागली नाही. मालकांना आज सरळ विचारलं, विकायचा किंवा पाडायचा विचार आहे का. ते म्हणाले, बोलणी दोनदा झाली, दोन्हीदा फिसकटली. खरं बोलले हे मला आवडलं. मी दोन गोष्टी मागितल्यात : राहायला जायच्या आधी वायरिंग आणि बोर्ड बदलून द्यायचा, आणि घर रिकामं करायला सहा महिन्यांची लेखी मुदत. पहिलीला लगेच हो म्हणाले. दुसरीवर चार महिने म्हणतायत.

ओळंबा, वायरिंगचं काम पूर्ण झाल्यावर कोणत्या चाचणीचा कागद मागून घेऊ?

ओळंबा :
इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याची चाचणी) आणि अर्थिंग, दोन्हींचा. मोजलेले आकडे लिहून द्यायला सांगा, नुसता ‘ठीक’ असा शेरा घेऊ नका.

पागोळी :
सहा महिन्यांवरून खाली येऊ नका.