अनुभव धागा: परदेशी सेवेला गेलात, परत आल्यावर काय बदललं?

नगरकरीण (धागाकर्ती)
गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाची पोरं नेपाळहून आली. रविवारी उपासनेत साक्षी (अनुभव सांगणं) झाल्या, डोंगरांचे फोटो पडद्यावर झळकले. मागच्या बाकावरून एका आजींनी विचारलं, "मग आता हितं काय करणार?" सगळे गप्प.

आपली मंडळी मिशनच्या कामातूनच उभी राहिली. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. आता पाहुणे म्हणून जायची पाळी आपली. तेव्हा प्रवासवर्णन आटोपतं घ्या. घरी आल्यावर काय केलंत ते लिहा.

मिरजेची नर्स
मी आनंदबनला दोन महिने होते. काठमांडूच्या दक्षिणेला, लेले खोऱ्यात, लेप्रसी मिशनचं १९५७ पासूनचं कुष्ठरोग रुग्णालय. मिरजेतही असं रुग्णालय आहे, पण माझी सगळी नोकरी दुसरीकडे ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली. पेशंट भुलीत, मी मास्कमागे. बोलायचा प्रश्नच नाही.

वाटलं होतं ड्रेसिंगची ट्रॉली मिळेल. मिळाला टब. गोळ्यांनी जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुतेकदा परत येत नाही. खडा टोचला, चप्पल घासली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रोज पाय भिजवायचे, घट्टे घासायचे, ओल्यावरच तेल चोळायचं, तळवा निरखायचा. हे पेशंटने स्वतः करायचं. मी सवयीने एका बाईंचा पाय हातात घेतला, तर म्हणाल्या, "बहिनी, म आफैँ गर्छु." माझं मी करते. (बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मी आधी 'वहिनी' ऐकलं!) दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री योहानाचा तेरावा अध्याय ऐकत आले, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो तो, आणि मनातल्या चित्रात रुमाल कायम माझ्याच कमरेला. त्या बाईंनी तो सोडायला लावला.

आमच्याकडे नाताळात कुष्ठरुग्णांना ब्लँकेट वाटायची पद्धत. रांग, फोटो, केक. परत आल्यावर पहिल्यांदा एका काकांना काय हवंय ते विचारलं, तर त्यांच्या घरी सात ब्लँकेटं निघाली. त्यांना हवी होती चार माणसांत पाय उघडे टाकून बसायला जागा. चर्चमागचा हॉल शनिवारी रिकामाच असतो. तो मागितला तर कमिटीत कुरबुर झाली, "रविवारच्या शाळेची मुलं तिथंच बसतात." शिकलेली माणसं ही! औषध सुरू झालं की आजार पसरत नाही, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी पाळकसाहेब स्वतः स्टूल घेऊन त्यांच्यात जाऊन बसले, तेव्हा कुठे किल्ली हातात पडली.

कृष्णाकाठचा
२०१५ च्या भूकंपानंतर आम्ही नऊ जण नेपाळात सिंधुपाल्चोकला घरं बांधायला गेलो. बांधायला म्हणजे काय, गवंड्यांच्या पायात यायला. मी रचलेले दगड मिस्त्री संध्याकाळी गुपचूप काढून पुन्हा लावायचा, हे मला चौथ्या दिवशी कळलं. मग मुकाट्याने वाळू चाळली.

२०१९ ला सांगलीत पूर आला तेव्हा कपड्यांचे ट्रक येत होते. आम्ही आधी पाच गल्ल्यांत फोन केले. मागणी आली खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, फिनेल. साडी एकीनेही मागितली नाही.

वसईवाली
आम्ही कॅथलिक. माझी मावशी सिस्टर (नन) आहे, तिच्यामागे मी केनियात तीन महिने राहून आले. मिस्सा (रविवारची उपासना) स्वाहिलीत, मला ओ की ठो कळेना. शेजारची एक म्हातारी दर रविवारी गायनाच्या पुस्तकात माझं बोट धरून ओळीवर ठेवायची. बस, एवढंच.

आमच्या देवळात (चर्चमध्ये) झारखंडच्या घरकाम करणाऱ्या मुली येतात, शेवटच्या बाकावर बसतात. मराठी त्यांना कळत नाही. किती वर्षं येत होत्या देव जाणे, मी कधी मागे वळून पाहिलंच नव्हतं. आता पुस्तक घेऊन त्यांच्यात बसते. एकीने परवा मला पगार बुडवणाऱ्या मालकिणीबद्दल सांगितलं. त्या भानगडीत सध्या अडकलेय, सुटली की लिहीन.

पुण्याचा काका
रागावू नका, पण नऊ जणांच्या तिकिटांत किती पोरांची फी भरली असती? दहा दिवसांचं दर्शन आणि वर्षभर साक्षी.

कृष्णाकाठचा
काका, हिशेब बरोबर आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी दोघेच गेले, तेही एक गवंडी आणि एक वायरमन. मी घरीच.

नगरकरीण
आमच्या पोरांनी सांगितलेली एक गोष्ट राहिली. नेपाळच्या संविधानातच दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी आहे, त्यामुळे निघतानाच बजावलं होतं, पत्रकं नाहीत, भाषणं नाहीत. उपासना शनिवारी, कारण सुट्टी शनिवारची. चपला बाहेर, सतरंजीवर बैठक, मादलवर (तिकडचा ढोलक) भजनं. पोरांना अप्रूप वाटलं. अरे, आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवून शंभरावर वर्षं झाली! आजोबांचे टाळ माळ्यावरून काढलेत. आजींच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे.

मिरजेच्या ताई, आमच्याकडेही चार-पाच जण आहेत. टब आणलेत. पाणी किती गरम लागतं?

मिरजेची नर्स
गरम मुळीच नको! त्या पायांना चटका कळत नाही. साधं पाणी, वीसेक मिनिटं. आणि टबाआधी स्टुलं मोजा, आमची पहिल्याच शनिवारी कमी पडली.