पुनरुत्थानानंतरचा सोमवार : अनुभव धागा

निवृत्त शिक्षिका, शरणपूर रोड, नाशिक

प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला इ. स. ५५च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी दफनविधीच्या वेळी उभे राहून ऐकलेला आहे. ख्रिस्त मरणातून उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे पौल तेथे स्पष्ट म्हणतो आणि शेवटचा कर्णा, अविनाशी शरीर, मरणाची हरपलेली नांगी अशा चढत्या पायऱ्यांनी तो अध्याय ५८व्या वचनापर्यंत पोहोचतो. त्या शेवटच्या वचनाकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही, कारण तोवर माती लोटायला सुरुवात झालेली असते. तेथे पौल स्वर्गाचे वर्णन करत नाही. तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, म्हणून कामात अढळ राहा, एवढेच तो सांगतो. त्याच्या पुढच्याच वाक्यात, म्हणजे १६व्या अध्यायाच्या आरंभी, यरुशलेमेतील बांधवांसाठी वर्गणी कशी गोळा करावी आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काय बाजूला काढून ठेवावे, याचा व्यवहार सुरू होतो. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते. ज्यांनी ते प्रथम ऐकले, त्यांनी कर्णा आणि वर्गणी एका दमात ऐकली असणार.

मी आयुष्यभर मराठी शिकवले, त्यामुळे एक वाक्य दुसऱ्याला कसे जोडले आहे हे पाहण्याची मला सवय आहे, आणि हा जोड गेले काही महिने माझ्या मनातून जात नाही. निवृत्तीनंतर मला असे वाटू लागले होते की तपासलेल्या हजारो वह्या रद्दीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर माझी वर्षेही गेली. त्या वचनामुळे ती खंत एकदम नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र झाले की आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या तीन बायकांना मी दुपारी व्हरांड्यात अक्षरओळख शिकवू लागले, आणि या कामातून पुढे काय निघेल याचा हिशेब मांडणे सोडून दिले.

म्हणून सर्वांना विनंती आहे की पुनरुत्थानावरील विश्वासामुळे घरात, शेतात, कामावर, आजारपणात किंवा भांडणात आपल्या हातून काय वेगळे घडले, ते येथे लिहावे. दर्शने आणि चमत्कार यांवर माझा अविश्वास नाही, परंतु त्यांच्यासाठी दुसरी जागा आहे. कॅथॉलिक असोत वा प्रोटेस्टंट, सर्वांचे स्वागत आहे. काही घडले नसेल, तर तेही लिहावे.

परिचारिका, रात्रपाळी

बाई, मी आपली विद्यार्थिनी नाही, पण आपल्या विनंतीमुळे मनात असलेले लिहून काढायचे ठरवले.

वॉर्डात माणूस गेला की त्याचे नाव जाते. तोवरचे ‘आजोबा’ किंवा ‘सात नंबरचे काका’ पाच मिनिटांत ‘बॉडी’ होतात, आणि ती लवकर खाली पाठवायची असते, कारण खाटेसाठी दुसरा रुग्ण बाहेर स्ट्रेचरवर असतो. नळ्या काढणे, अंग पुसणे, हनुवटी आणि पायाचे अंगठे बांधणे, नावाची चिठ्ठी लावणे, ही सारी कामे मी अनेक वर्षे पाठ केलेल्या हातांनी आणि दुसरीकडे लागलेल्या मनाने करत होते. त्यात कोणाचा दोष नव्हता. रात्री दोघी जणी आणि रुग्ण चाळीस, अशी स्थिती असे.

काही वर्षांपूर्वी ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या रात्री पाळी संपवून मी थेट पहाटेच्या उपासनेला गेले. मार्ककृत शुभवर्तमानाचा १६वा अध्याय वाचला जात होता. त्या तिघी स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघतात, तेव्हा त्यांच्या मनात पुनरुत्थानाची कसलीही अपेक्षा नाही. कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटेल, ही त्यांची चिंता आहे. त्या निघाल्या आहेत ते एका मृत शरीराची राहिलेली सेवा पूर्ण करायला, म्हणजे मी चार तासांपूर्वी जे काम उरकून आले होते, त्याच कामाला. प्रभू उठल्याची पहिली वार्ता प्रार्थना करत बसलेल्यांना मिळाली नाही, ती या कामाला निघालेल्यांना मिळाली, हे मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आले, आणि मी रडले.

आपल्या शरणपुराची एक गोष्ट येथे आठवते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनने येथे आश्रय देऊन शिकवले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनाच्या प्रार्थना वाचल्या त्या याच नाशिकच्या विद्यार्थ्याने. मग त्या माणसांनी ते शरीर कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा वेनराइट तेथे हजर होता. त्यांच्या मनात काय होते हे मी कशी सांगणार? पण शरीर उठणार आहे असा ज्याचा विश्वास आहे, त्याला ते ओझे वाटत नसावे, असे मला वाटते.

आता मी अंग पुसताना नावाने बोलते. ‘आजोबा, डावा हात उचलते हं,’ एवढेच. नवीन आलेल्या एका शिकाऊ मुलीने विचारले, ‘सिस्टर, त्यांना ऐकू येते का?’ मी म्हटले, ‘नाही, पण मला येते.’ ती ख्रिस्ती नाही. गेल्या आठवड्यात मी तिला पडद्याआडून तसेच बोलताना ऐकले. याचा परिणाम जिवंत रुग्णांवरही झाला आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे पूर्वी मला नोंदवहीतील एक रकाना वाटे, आणि घाईच्या रात्री तो रकाना मी काम न करताच भरलेलाही आहे. तसे आता माझ्याने होत नाही.

द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

आमच्या भागातील प्रवचनांत द्राक्षवेल हमखास येते, आणि ईस्टर एप्रिलच्या छाटणीच्या आसपास आला की छाटलेल्या बागेला पुनरुत्थानाची उपमाही हमखास दिली जाते. मला ती पटत नाही. एप्रिलच्या या खरड छाटणीत आपण वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या मुख्य फांदीपर्यंत, बोडकी करतो आणि काही दिवसांत डोळे फुटतात, हे खरे आहे. पण त्या वेळी वेल मेलेली नसते, तिच्या मुळांत जीव असतो, आणि हे दरवर्षी घडते. येशू खरोखर मेला होता. त्याच्यात काही शिल्लक नव्हते. जे आपोआप होत नाही ते देवाने केले, हा आपला विश्वास आहे, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ऋतुचक्राचा काहीही उपयोग झाला नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

घड काढणीला आले होते आणि व्यापाऱ्याशी सौदा ठरला होता. दुपारी वीस मिनिटे गारा पडल्या. मणी तडकले, दोन दिवसांत कुजू लागले, आणि व्यापारी पुन्हा बागेकडे आला नाही. सोसायटीचे कर्ज होते, औषधांच्या दुकानाची उधारी होती, आणि पेठ-सुरगाण्याकडून घडांच्या विरळणीला आलेल्या मजुरांच्या टोळीची मजुरी अर्धी द्यायची राहिली होती. त्या दिवसांत शेडमधील औषधांच्या डब्यांकडे माझी नजर वारंवार जाऊ लागली. हे मी लाज न बाळगता लिहितो, कारण माझ्यासारखे अनेक जण हे वाचतील. मी एका रात्री बायकोला उठवून सांगितले. तिने त्याच वेळी शेडची किल्ली स्वतःकडे घेतली, सकाळी फादरांना बोलावले, आणि फादर स्वतः मला घेऊन नाशिकला मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. मी वर्षभर गोळ्या घेतल्या. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे ज्यांना वाटते त्यांनी कृपया तसे कोणाला बोलून दाखवू नये.

त्या काळात फादरांनी मला इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील एकच ठिकाण दाखवले : मरणाच्या भयाने माणसे जन्मभर दास्यात राहतात आणि ख्रिस्ताने त्यांना सोडवले. मला मरणाचे भय नव्हते, मी तर मरायला निघालो होतो. म्हणून प्रथम ते मला लागू वाटले नाही. पुढे हळूहळू उमगले की नाव बुडण्याचे, सातबारावर बोजा चढण्याचे, भावकीत मान खाली जाण्याचे जे भय मला खात होते, ते त्याच भयाचे रूप आहे. येशूचे तर सगळेच गेले होते, कपडेसुद्धा, आणि पित्याने त्याला तेथून उठवले. मग कर्जाच्या आकड्यापाशी मी संपतो, असे मी कशावरून धरून चाललो होतो?

मी मोटरसायकल विकून आधी टोळीची मजुरी दिली. दुकानदार रागावला, आणि त्याचे रागावणे रास्त होते. पण मजुरांच्या घरी त्या वर्षी आमच्याहून वाईट पाऊस पडला होता, हे मला भय उतरल्यावरच दिसू लागले. कर्ज अजून फिटायचे आहे.

एक आई

बाईंनी काही घडले नसेल तर तेही लिहा असे म्हटले आहे, म्हणून लिहिते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. त्याला सहा वर्षे झाली. दफनाच्या वेळी आणि नंतरच्या आठवड्यांत मला सर्वांत अधिक ऐकावे लागलेले वाक्य होते, ‘रडू नका, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे.’ म्हणणाऱ्यांचे मन चांगले होते. तरीही त्या वाक्याने माझे रडणे अविश्वास ठरवले, आणि मी दोन वर्षे चर्चमध्ये पाऊल टाकले नाही.

परत आले ते योहानाच्या ११व्या अध्यायामुळे. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत, हे येशूला ठाऊक आहे, तरी तो कबरेपाशी रडतो. ज्याच्या हातात पुनरुत्थान आहे तोच रडतो, तर मला गप्प करणारे तुम्ही कोण, असा प्रश्न मी मनातल्या मनात सर्वांना विचारला, आणि विचित्र वाटेल, पण त्या रागातूनच मला प्रार्थना करता येऊ लागली. दुसरी गोष्ट थोमाची, व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्याची. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. देवाने ते पुसले असते, तर माझ्याकडे त्याच्याजवळ जाण्याचे धैर्य राहिले नसते.

मला आनंद झालेला नाही. माझ्यासाठी उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार फार लांबला आहे, आणि पाळकांनी त्या शनिवारावरही कधीतरी बोलावे अशी माझी इच्छा आहे. बदल म्हणाल तर एवढाच, की आमच्या भागात कोणाच्या घरी मूल गेले असे कळले, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, की मी पिठले-भाकरीचा डबा घेऊन जाते, त्या आईशेजारी बसते आणि काहीही सांगत नाही. माझे मूल मला पुन्हा भेटणार आहे असा विश्वास नसता, तर मला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवले नसते.

रिक्षाचालक, द्वारका

माझे थोडक्यात आहे. वर्गणीवरून आठवले. रविवारी पहिले भाडे मी वेगळ्या डब्यात टाकतो, आणि आठवड्यात दवाखान्यात जाणारा कोणी अडचणीत दिसला तर त्याचे पैसे त्या डब्यातून वळते करतो. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, म्हणून पहिले भाडे त्याचे, असे माझ्या वडिलांनी मला शिकवले होते. ते टांगा चालवत.

निवृत्त मुद्रणालय कामगार, नाशिकरोड

मूल गमावलेल्या ताईंचे वरील लिखाण वाचून दोन दिवस काही लिहावेसे वाटले नाही. माझे दुःख माझ्याच हातचे आहे, म्हणून ते त्यांच्याशेजारी ठेवायला संकोच होतो.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा महायाजकाच्या अंगणात, जेथे शिष्य पेत्र शेकत उभा राहून येशूला ओळखत नाही असे म्हणतो. दुसऱ्यांदा शेवटच्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या काठी, जेथे उठलेला प्रभू त्यावर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. मूळ ग्रीकमधील तो शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी आहे, असे आमच्या बायबल अभ्यासात सांगितले गेले. पेत्राच्या तीन नकारांसाठी ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा प्रश्न तीनदा विचारला जातो, आणि तेही पेत्राला पुन्हा तोच वास येत असताना. प्रभूने त्याला क्षमा केली, पण त्या विस्तवापाशी परत आणूनच केली.

वडिलांच्या घरातील हिस्स्याचे हक्कसोडपत्र मी धाकट्या भावाकडून सही करून घेतले, तेव्हा जागेचा भाव काय झाला आहे हे मला माहीत होते आणि त्याला नव्हते. तो आजारी होता, त्याला पैशांची गरज होती, आणि मी दिलेली रक्कम त्याने उपकार समजून घेतली. खरे कळल्यावर त्याने बोलणे बंद केले. एकाच गल्लीत राहून सतरा वर्षे आम्ही एकमेकांच्या दारावरून मान वळवून गेलो, आणि त्या सतराही वर्षांत ईस्टरच्या पहाटे ‘खरोखर उठला आहे’ असे मी मोठ्या आवाजात म्हणत आलो.

गेल्या वर्षी तो अभ्यास झाला आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी त्याच्या दारात गेलो. त्याने मला बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच सारे सांगितले. त्याला माहीत असलेलेही सांगितले, कारण ते माझ्या तोंडून त्याने कधी ऐकले नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘दादा, कागद कर.’ सतरा वर्षांनी त्याने मला दादा म्हटले. वकिलांनी सांगितले की जुने पत्र रद्द करण्यापेक्षा त्याच्या हिश्श्याचे नवे बक्षीसपत्र करणे सोपे पडेल, आणि ते काम आता नोंदणीपर्यंत आले आहे. माझ्या मुलांना हे पटलेले नाही. त्यांच्याशी माझे रोज बोलणे चालू आहे.

भाऊ अजून आमच्या घरी आलेला नाही. परवा भावजयीने ज्वारीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून बायको उद्यासाठी शेवया भाजते आहे, आणि डबा पोचवायला मी जाणार आहे.