मदत हवी आहे : फोंड्यात (गोवा) डीजेची सुरुवात, कंट्रोलर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला डीजे व्हायचंय, आणि तो खरंच मन लावून शिकतोय. लॅपटॉप आहे, कानावर बसणारे चांगले हेडफोन आहेत. आता कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं यंत्र, घ्यायचाय.

पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स 4 बघून ठेवलाय. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही डीजेची दोन्ही सॉफ्टवेअर त्यावर चालतात, यूएसबीवरच वीज घेतो, म्हणून आवडला. पण त्याला मास्टर आउट, म्हणजे मोठ्या स्पीकरकडे आवाज नेणारी जोडणी, फक्त आरसीए (घरच्या ऑडिओची साधी पिन) आहे. हॉलमधले साउंडवाले एक्सएलआर (तीन पिनांची) केबल देतात. मध्ये डीआय बॉक्स (साधा सिग्नल एक्सएलआरला जुळवून देणारी डबी) लावून काम भागतं का? लांब केबलवर गुणगुण येते असं ऐकलंय. की थोडं थांबून एक्सएलआर असलेलाच घ्यावा? पैसे एकदाच घालायचेत, म्हणून इतकं विचारतेय.

दुसरं, गाणी. आपल्याकडच्या लग्नात एकाच रात्री मराठी, कोंकणी, हिंदी सगळं लागतं. जुनी कोंकणी गाणी चांगल्या दर्जात, म्हणजे 320 केबीपीएसमध्ये, विकत कुठे मिळतात? यूट्यूबवरून उतरवलेली मोठ्या स्पीकरवर फाटतात, ती त्याने वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे.

कामं मात्र कशी मिळवायची तेच कळत नाही. किनाऱ्यावरच्या क्लबांपेक्षा आधी बारसं, वाढदिवस, साखरपुडा बरा वाटतो. उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर बंद, तेव्हा संध्याकाळचेच कार्यक्रम. फोंडा, डिचोली किंवा म्हापशात कुणी अनुभवी डीजे त्याला सोबत मदतनीस म्हणून घेईल का? सामान उचलायलाही तो तयार आहे.