एम४ए, ओपस फायलींचं एमपी३ करायचंय, बिटरेट किती ठेवू?

मंडळी, जरा मदत हवीये. फोनवर गाणी आणि व्याख्यानं मिळून बरंच काही साठलंय, त्यातलं निम्मं एम४ए, थोडं ओपस, आणि गाडीतला प्लेयर पेनड्राइव्हवरचं फक्त एमपी३ नाहीतर डब्ल्यूएमए घेतो, बाकी फायली त्याला दिसतच नाहीत. (नाव बदलून शेवटी एमपी३ लिहा हा सल्ला कृपया नको, त्याने आतलं काही बदलत नाही.)

एम४ए गाणी १२८ केबीपीएस (हा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा) एएसीची आहेत, म्हणजे आवाजातलं थोडं गाळून लहान केलेली. एमपी३ करताना १२८च ठेवू की ३२०? ३२० ला फाईल अडीचपट होते आणि माझ्या कानाला तरी फरक कळत नाही. एक मित्र म्हणतो आधी वेव्ह (कॉम्प्रेस न केलेला आवाज) करायचं मग एमपी३, क्वालिटी वाचते. मला काही ते पटेना. आणि देवनागरी नावांच्या जागी प्लेयरवर नुसते चौकोन दिसतात, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद:
वेव्हमधून नेलं काय नि थेट केलं काय, एकच. कन्व्हर्टर आतल्या आत आधी डीकोडच करतो (फाईल उलगडतो) आणि मग परत एन्कोड (नव्या फॉरमॅटमध्ये बांधतो). एएसी करताना जे उडालं ते ३२० ने परत येत नाही, फक्त दुसऱ्यांदा होणारं नुकसान कमी होतं. १२८ वरून १२८ मात्र करू नका, झांजा आणि टाळ्यांचा आवाज पार बिघडतो. लेम एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम) घ्या, सेटिंग व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) व्ही२, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास जातं, गाडीत तेवढं पुष्कळ. प्लेयर गाण्याची वेळ चुकीची दाखवायला लागला तर सरळ १९२ सीबीआर (कायम एकच बिटरेट). व्याख्यानं मोनो ६४ ला टाका, बोलणं स्वच्छ कळतं आणि जागाही वाचते. आणि मूळ फायली उडवू नका हं, पुढे दुसरा फॉरमॅट लागला तर त्यावरूनच करायचं, या एमपी३ वरून नाही.

चौकोनांसाठी टॅग (फाईलमध्येच साठवलेली गाण्याच्या नावाची माहिती) आयडी३ या टॅग-फॉरमॅटच्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ (देवनागरी चालणारं अक्षरांचं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करून बघा, २.४ आवृत्ती बऱ्याच जुन्या प्लेयरना झेपत नाही. तरी चौकोनच आले तर प्लेयरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही, मग नावं रोमनमध्ये लिहिण्यावाचून इलाज नाही.

धागाकर्ता:
भारी, व्ही२ लावतो. पण काही एम४ए फायली २५ एमबीच्या आहेत, गाणं जेमतेम चार मिनिटांचं, हे काय प्रकरण?

प्रतिसाद:
ती बहुतेक एएलएसी असणार, लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळता लहान केलेली. १२८ चं चार मिनिटांचं गाणं चार एमबीच्या आतच बसतं. ती खुशाल व्ही० ला (व्ही२ पेक्षा वरची क्वालिटी) करा, तिथे नुकसान पहिल्यांदाच होतंय.